आमच्या रुग्णांचा कच्चा डेटा पुसू नका : नियामक मंडळाला एक खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
नियामक मंडळ

स.न.वि.वि.

गेल्या सोमवारी आपल्या सहीचं परिपत्रक माझ्या टेबलावर आलं. तळमजल्यावरची सर्व्हरची खोली १ एप्रिलपासून बिलिंग विभागाला द्यायची, असं त्यात आहे. कॅन्सरच्या रुग्णांच्या जीनोमचा, म्हणजे पेशीतल्या संपूर्ण डीएनएचा, पाच वर्षांहून जुना कच्चा डेटा ३१ मार्चपर्यंत पुसायचा, निष्कर्षांच्या फाइली तेवढ्या ठेवायच्या. आणि 'शास्त्रज्ञ (संगणकीय)' ही जागा रद्द करून तिथे 'डेटा ऑपरेटर' घ्यायचा, अकरा महिन्यांच्या करारावर.

मी आधी आतच बोलले. दोन अर्ज दिले, त्यांची पोच घेतली, उत्तर आलं नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या डॉक्टरांवर चंद्रपूर-गडचिरोलीपासून बालाघाटपर्यंतच्या रुग्णांचा विश्वास आहे आणि माझ्या पत्राने तो हलावा अशी माझी इच्छा नाही.

मी कोण, ते आधी सांगते. आपल्यापैकी बहुतेकांनी मला फक्त हजेरीपटावर पाहिलेलं आहे.

माझ्या वडिलांचा सक्करदऱ्याच्या बाजूला पानठेला होता. खर्रा करायचा म्हणजे सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घ्यायचा आणि फळीवर तळव्याने घोटत राहायचं, सुपारीला तंबाखूचा रंग चढेपर्यंत. बाबांच्या उजव्या तळव्याला त्याचा घट्टा पडला होता. सकाळी सहाला पहिला खर्रा जायचा, ड्यूटीला निघालेल्या माणसांच्या खिशात. माझी बी.एस्सी.ची फी त्याच पैशांतून भरली. मानवी जीनोम वाचून झाल्याची बातमी २००३ साली आली तेव्हा मी कॉलेजात होते. ३०० कोटी अक्षरं आपल्या प्रत्येक पेशीत आहेत आणि ती कुणीतरी ओळीने वाचून काढली, हे पेपरात वाचल्यावर मला रात्री झोप लागली नव्हती. पुढे पुण्याला जैवमाहितीशास्त्र, म्हणजे डीएनएसारखी जैविक माहिती संगणकावर तपासण्याचं शास्त्र, शिकले. तिथे या विषयाचं केंद्र १९८७ पासून होतं, आणि नागपुरात मात्र मी काय शिकते ते समजावून सांगताना दमायला व्हायचं. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "माही पोरगी कॅन्सरचं कॉम्प्युटर पायते." इतकं नेमकं वर्णन माझ्या कामाचं नंतर कुणी केलं नाही.

२०१३ साली हिरड्या आणि गालाच्या आतल्या अस्तराच्या कॅन्सरवरचा भारतीय शोधनिबंध आला. जगभरच्या देशांनी आंतरराष्ट्रीय कॅन्सर जीनोम संघात एकेक कॅन्सर वाटून घेतला होता आणि आपल्या देशाने हा घेतला, कारण तो आपला आहे. कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोम संस्था आणि टाटा मेमोरियलचं नवी मुंबईतलं संशोधन केंद्र अॅक्ट्रेक यांनी ५० रुग्णांच्या गाठी आणि रक्त वाचलं, मग आणखी ६० जणांवर ते पडताळलं. टीपी५३सारखी माहितीतली जनुकं त्यात सापडलीच, शिवाय यूएसपी९एक्स, एआरआयडी२ अशी काही नवीही सापडली. मी सुट्टीत घरी आले होते. संध्याकाळी ठेल्यामागच्या स्टुलावर बसून मी बाबांना तो निबंध मराठीत सांगितला. ते घोटत होते. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "यातले आपल्या ठेल्यावरचे किती?"

मला उत्तर देता आलं नाही. नमुन्यांना नावं नसतात, फक्त क्रमांक असतात. त्या दिवाळीनंतर बाबांनी ठेला विकला.

त्यानंतर मी नागपूरला परत आले. मुंबईत राहिले असते तर माझं काम अधिक झपाट्याने पुढे गेलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण खर्रा इथे घोटला जातो. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यांत जास्त दिसतो, आणि आपल्या ओपीडीत तर पस्तिशीतली मुलं येतात ज्यांच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जात नाहीत. सुपारीने गालाचं अस्तर चामड्यासारखं ताठ होतं. सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे, तंबाखू नसली तरी, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच जाहीर केलं. तरीही अस्तर ताठ झालेल्या दहा जणांत गाठ नेमकी कुणाला होईल, ते आज कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मला त्या प्रश्नावर काम करायचं होतं, आणि त्यासाठी याच भागातल्या माणसांच्या गाठी वाचायला हव्या होत्या.

आता परिपत्रकाबद्दल.

सगळ्यांत मोठी गोष्ट डेटाची. 'निष्कर्षांच्या फाइली ठेवा, कच्चा डेटा पुसा' हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांना तो जागेचा प्रश्न वाटला असणार. म्हणून हे काम कसं चालतं ते जरा सविस्तर सांगते.

रुग्णाच्या गाठीचा तुकडा आणि त्याच रुग्णाचं रक्त, असे दोन नमुने घेतात. यंत्र डीएनएचे बारीक तुकडे करून वाचतं, एकेक तुकडा जेमतेम १५० अक्षरांचा. असे कोट्यवधी तुकडे. पूर्ण जीनोम तीसपट खोल वाचला तर एकाच नमुन्याची फाइल शंभर जीबीच्या आसपास जाते. हाच कच्चा डेटा. मग प्रत्येक तुकडा मानवी जीनोमच्या प्रमाण नकाशावर कुठे बसतो ते संगणक शोधतो, आणि गाठीत आहे पण रक्तात नाही असा बदल वेगळा काढला जातो. रक्तातही असलेला बदल आईवडिलांकडून आलेला. फक्त गाठीत असलेला बदल त्या माणसाच्या आयुष्यात झालेला. असे हजारो बदल निघतात, त्यांतले बहुतेक निरुपद्रवी प्रवासी असतात आणि गाडी चालवणारे दोन-चारच. त्या दोन-चारांपर्यंत पोहोचायला प्रत्येक पायरीवर निवड करावी लागते : कोणता नकाशा, कोणती चाळणी, किती शंका आली की बदल सोडून द्यायचा. या निवडींतून शेवटी जी छोटी यादी उरते, ती आपली 'निष्कर्षाची फाइल'.

ती यादी त्या वर्षीच्या ज्ञानाची असते. आमच्या जुन्या याद्या २००९च्या नकाशावर केलेल्या आहेत. २०१३च्या अखेरीस नवा नकाशा आला, आम्ही त्यावर जायला उशीर केला, आणि तो उशीर भरून काढायचा एकमेव मार्ग म्हणजे कच्च्या डेटापासून पुन्हा सुरुवात करणं. यादीतून मागे जाता येत नाही. जे तुकडे नकाशावर कुठेच बसले नाहीत ते यादीत नसतात, आणि विषाणूचा किंवा जिवाणूचा डीएनए असला तर तो नेमका त्या न बसलेल्या तुकड्यांतच असतो. ते तुकडे आम्ही अजून नीट पाहिलेलेच नाहीत.

दुसरं असं, की परदेशी संग्रहांत आपली माणसं फार थोडी. विदर्भातल्या एखाद्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला साधा बदल त्या संग्रहांत नसतो, म्हणून तो 'दुर्मीळ' दिसतो आणि त्या कुटुंबातल्या बाईला उगाच घाबरवून सोडतो. याच्यावरचा उपाय आपल्याच लोकांनी दाखवला. २०१६ साली टाटा मेमोरियलच्या गटाने ६२ कॅन्सर रुग्णांच्या निरोगी नमुन्यांतून, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या आणि काम झाल्यावर कुणीही 'जुना' म्हणून बाजूला टाकला असता अशा डेटातून, १ लाख १४ हजारांवर बदलांचा भारतीय संग्रह तयार केला आणि सगळ्यांना खुला केला. मी तो कितीतरी वेळा वापरला आहे. तो डेटा पाच वर्षांनी पुसायचा असा नियम कुणी केला असता तर माझ्या हातात आज तो नसता. आणि २०२५च्या जानेवारीत १०,००० भारतीयांच्या जीनोमचा सरकारी प्रकल्प संशोधकांसाठी खुला झाला. आमच्या जुन्या नमुन्यांकडे त्या उजेडात पुन्हा बघायची वेळ आत्ता आली आहे, आणि आत्ताच आपण ते पुसायला निघालो आहोत.

पॅथॉलॉजिस्ट वसंत रामजी खानोलकरांनी १९४४ साली मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा छापला. कुणीतरी त्या हजार माणसांच्या नोंदी जपल्या होत्या, म्हणूनच तो आढावा होऊ शकला.

शिवाय एक वचन आहे, ते माझ्या तोंडून गेलेलं आहे. पहिल्या वर्षी समुपदेशक नव्हते, म्हणून संमतीपत्रं मीच समजावून सांगत असे. भंडाऱ्याकडचे एक गृहस्थ होते, धानशेतीवाले. तोंड उघडत नव्हतं, म्हणून मुलाच्या वहीत पेन्सिलीने लिहून बोलायचे. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी लिहिलं, 'मला याचा फायदा?' मी म्हटलं, "काका, तुम्हाला बहुतेक नाही. तुमच्या मागून येणाऱ्याला होईल, आम्ही हे जपून ठेवू आणि पुन्हा पुन्हा तपासू." त्यांनी थोडा वेळ मुलाकडे पाहिलं आणि सही केली. मुलाच्या शर्टाच्या खिशात खर्ऱ्याची पुडी होती.

'जपून ठेवू' हे मी संस्थेच्या वतीने म्हटलं होतं. आपण डेटा पुसलात तर त्या माणसाशी मी खोटं बोलले असं होईल. माझ्या माहितीप्रमाणे हा निर्णय संस्थेच्या नैतिकता समितीपुढे गेलेलाच नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आपल्या ग्रंथालयात आहेत. संमती देणाऱ्या माणसाला आपल्या नमुन्याचं आणि माहितीचं पुढे काय होणार हे कळलं पाहिजे, हा त्यांचा गाभा आहे.

आता 'ऑपरेटर' या शब्दाबद्दल. हे मला लागलं, आणि लागलं हे लपवत नाही.

मंडळाच्या बैठकीत एका सदस्यांनी विचारलं म्हणतात, "यांची प्रयोगशाळा कुठे आहे? मग शास्त्रज्ञ कशाच्या?" कॅन्सर संशोधक कमल रणदिवे यांनी १९६०च्या दशकात मुंबईत देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली, तेव्हा काचेच्या बशीत वाढणाऱ्या पेशींना कॅन्सरचं संशोधन म्हणायचं हेही अनेकांना नवीन होतं. माझी प्रयोगशाळा त्या तळमजल्यावरच्या खोलीत आहे. तिथे काय होतं त्याचं एक उदाहरण देते.

काही वर्षांपूर्वी आपल्या संस्थेचा एक निबंध छापायला जाणार होता. सगळं तयार होतं. त्या रात्री मी शेवटची म्हणून एक तपासणी लावली. एका महिला रुग्णाच्या गाठीच्या नमुन्यात फक्त पुरुषांत असणाऱ्या वाय गुणसूत्रावरचे तुकडे दिसत होते, एक-दोन नव्हे, भरपूर. रक्तात एकही नाही. मी आधी स्वतःचीच चूक धरली आणि पहाटे तीनपर्यंत सगळं पहिल्यापासून चालवून पाहिलं. तेच आलं. मग वारशाने आलेले बदल एकेका नमुन्याचे एकमेकांशी लावून पाहिले, तेव्हा कळलं की दोन रुग्णांच्या गाठीच्या नळ्यांची लेबलं अदलाबदल झाली होती. रक्त एकाचं, गाठ दुसऱ्याची. त्यामुळे एकाला वारशाने आलेला आणि दुसऱ्याकडे नसलेला प्रत्येक बदल 'कॅन्सरने केलेला' म्हणून मोजला गेला होता, आणि निबंधातला सर्वांत ठळक निष्कर्ष त्यावरच उभा होता. सकाळी मी विभागप्रमुखांना सांगितलं. निबंध थांबला, दुरुस्त झाला, सहा महिन्यांनी छापला. हे ऑपरेटरचं काम नव्हे. सॉफ्टवेअर एकदाही थांबलं नव्हतं, त्याने कुठलीही चूक दाखवली नव्हती. शंका माणसाला यावी लागते, आणि ती यायला वीस वर्षं या विषयात घालवावी लागतात.

छापून आलेल्या निबंधात लेखकांच्या यादीत मी नव्हते. शेवटी आभारात 'संगणक साहाय्य' असं होतं, नाव नव्हतं.

आणखी काही गोष्टी आहेत, त्या थोडक्यात लिहिते. दर अकरा महिन्यांनी माझा करार संपतो, एक दिवस मी संस्थेची कुणी नसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रुजू होते. त्या एका दिवसाच्या खंडामुळे स्वतःच्या नावाने संशोधन प्रकल्पाला अर्ज करता येत नाही, कारण अर्जात कायम नियुक्ती विचारतात. कनिष्ठ संशोधकांची फेलोशिप २०२३च्या जानेवारीपासून महिना ३७,००० रुपये झाली, पण आमच्या कक्षातल्या मुलीला वाढीव रक्कम तर सोडाच, जुनीही कित्येक महिने मिळाली नाही. तिला घरभाडं भरायचं होतं. ती आता हिंजवडीत एका कंपनीत बँकेचं सॉफ्टवेअर तपासते. तिच्याइतकी स्वच्छ नजर मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही, आणि ती गेली याची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी.

एका मे महिन्यात सर्व्हरच्या खोलीचा एसी बंद पडला. बाहेर पंचेचाळीस अंश. मी अर्ज दिला, तर दुपारी कूलर आला, वाळ्याच्या ताट्या लावलेला. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला होता, घरी आपण तेच करतो. पण कूलर हवेत ओलावा सोडतो आणि तो ओलावा यंत्राला चालत नाही. मी कूलर परत पाठवला, आठ दिवस चाललेलं काम मध्येच थांबवून यंत्र बंद केलं आणि एसी दुरुस्त व्हायची वाट पाहिली. तीन आठवडे. यात कुणी वाईट नव्हतं. पण त्या खोलीत काय आहे हे संस्थेत कुणालाच माहीत नाही, हे मला त्या दिवशी कळलं आणि त्यावर मी गप्प बसले. ती माझी चूक. तेव्हाच आपल्या दारी येऊन सांगायला हवं होतं.

बिलिंग विभागाला जागा हवी आहे, हे मला मान्य आहे. रांगेतल्या लोकांना उन्हात उभं राहावं लागतं, मी रोज पाहते. खोली द्या. डेटा हलवता येतो. फरिदाबादला भारतीय जैविक माहिती केंद्र त्यासाठीच २०२२ साली सुरू झालं आहे, आणि सरकारी पैशातून झालेल्या जैविक संशोधनाचा डेटा देशातच जपावा, वाटावा यासाठी जैवतंत्रज्ञान विभागाची २०२१ची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत.

माझ्या मागण्या या :

एक. ३१ मार्चचा आदेश आजच स्थगित करा. नैतिकता समिती लेखी परवानगी देत नाही तोपर्यंत एकही फाइल पुसली जाऊ नये.

दोन. संमतीपत्रांत जेवढी मुभा आहे तेवढा डेटा, नावं आणि ओळख काढून, राष्ट्रीय केंद्रात नियंत्रित प्रवेशाखाली जमा करा. उरलेला दोन प्रतींत, दोन वेगळ्या इमारतींत ठेवा. हलवण्याचं काम मी करीन, त्याचे जादा पैसे मागणार नाही.

तीन. 'शास्त्रज्ञ (संगणकीय)' ही जागा रद्द करू नका, ती कायम करा आणि रीतसर जाहिरात द्या. ती मलाच द्या असं मी म्हणत नाही. माझ्यापेक्षा चांगला उमेदवार आला तर त्याला घ्या, पण त्याला शास्त्रज्ञ म्हणून घ्या.

चार. विश्लेषण ज्याने केलं त्याचं नाव निबंधात लेखक म्हणून यावं, असा लेखी नियम करा. मागच्या निबंधांबद्दल मी काही मागत नाही.

पाच. फेलोशिप थकली तर संस्थेने आपल्या निधीतून ती दर महिन्याला द्यावी आणि अनुदान आल्यावर वळती करून घ्यावी.

सहा. ज्या रुग्णांनी आणि कुटुंबांनी नमुने दिले त्यांना, पत्ता मिळेल तिथे, संस्थेच्या नावाने एक मराठी आणि एक हिंदी पत्र जावं : तुमची माहिती कुठे आहे, कशासाठी वापरली, पुढे काय होणार. मसुदा माझ्याकडे तयार आहे.

या पत्राचं उत्तर मला २० मार्चपर्यंत लेखी हवं आहे, म्हणजे उरलेल्या दिवसांत निदान प्रती काढायला वेळ मिळेल. सगळ्या डिस्कची नक्कल व्हायला, यंत्र दिवसरात्र चाललं तरी, नऊ दिवस लागतात. मोजून ठेवलं आहे.

मी सकाळी साडेनऊपासून रात्री आठपर्यंत तळमजल्यावर असते, पॅथॉलॉजीच्या शेजारचं दुसरं दार. मंडळातल्या कुणालाही यायचं असेल तर जरूर या, आधी कळवायची गरज नाही. नाव नसलेला एखादा नमुना उघडून दाखवीन. भंडाऱ्याच्या त्या काकांचा यांतला कोणता ते मलाही माहीत नाही.

आपली,
त्याच कक्षातली एक संशोधक
नागपूर